वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या पेशातून गुंतवणुकीच्या क्षेत्रात येताना

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत एकच विषय वारंवार आला आहे. दहा-पंधरा वर्षे वेगळ्याच कामात काढलेल्या माणसाने गुंतवणूक हा पेशा करावा का, आणि करायचा तर सुरुवात कुठून करावी? निवडक प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरे देत आहोत. नोंदणीच्या अटी आणि शुल्क बदलत राहतात. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था), एनआयएसएम (या क्षेत्राच्या परीक्षा घेणारी संस्था) आणि ॲम्फी (म्युच्युअल फंडांची संघटना) यांच्या संकेतस्थळांवरची चालू माहिती जरूर वाचावी.

प्रश्न : बेदाण्याच्या अडत दुकानात नऊ वर्षे दिवाणजी आहे. शिक्षण बी.ए., विषय मराठी. चार वर्षांपासून पगारातून थोडे थोडे शेअर घेतो. कॉमर्सची पदवी नसताना या क्षेत्रात शिरता येईल का? माझ्या आजवरच्या कामाचा तिथे काही उपयोग होईल का? — एक वाचक, तासगाव

उपयोग आहे, आणि तुम्ही समजता त्याहून बराच जास्त आहे. म्हणून आधी त्याबद्दल लिहितो, पदवीचे नंतर पाहू.

कोणाकडे किती बाकी आहे, ती कधीची आहे, कोण गेल्या हंगामापासून पैसे लांबवतो आहे, हे पाहण्यात तुमची नऊ वर्षे गेली. कंपनीचा ताळेबंद वाचतानाही हेच पाहायचे असते, आणि शिकलेली माणसेसुद्धा बहुतेक वेळा नफ्याच्या आकड्यावरच थांबतात. समजा, एका कंपनीची वर्षाची विक्री १२० कोटी आणि वर्षअखेर ग्राहकांकडून येणे ३० कोटी आहे. ३० ला १२० ने भागून ३६५ ने गुणले की ९१ दिवसांची उधारी निघते. पुढच्या वर्षी विक्री १५० कोटी झाली आणि येणे ५५ कोटींवर गेले, म्हणजे उधारी १३४ दिवसांची झाली. विक्री ३० कोटींनी वाढली, पण येणे २५ कोटींनी वाढले. वाढीव विक्रीचे बहुतेक पैसे अजून हातात पडलेलेच नाहीत. नफ्या-तोट्याच्या पत्रकात मात्र हे वर्ष उत्तम दिसेल.

एवढे दिसले की वार्षिक अहवालातली व्यापारी येण्यांची टीप उघडा. तिथे सहा महिन्यांपर्यंतचे, सहा महिने ते एक वर्षाचे, मग एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुने येणे वेगवेगळे मांडलेले असते. २०२१-२२ पासून कंपन्यांना हा तक्ता देणे बंधनकारक आहे. जुन्या रकान्यांतली रक्कम वर्षागणिक वाढत असेल आणि बुडीत येण्यांसाठी केलेली तरतूद तेवढीच राहिली असेल, तर पुढे कधीतरी तो तोटा एकदम दाखवावा लागणार. त्यानंतर दहा वर्षांचा निव्वळ नफा एका बेरजेत आणि व्यवसायातून आलेली रोकड दुसऱ्या बेरजेत घ्या. रोकड नफ्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी असेल, तर कारण सापडेपर्यंत शेअरला हात लावू नये, हा आमचा ढोबळ निकष आहे. बँका आणि वित्त कंपन्यांना तो लागू पडत नाही, कारण त्यांचा माल पैसाच असतो.

तुमच्या बाजारातली आणखी एक गोष्ट इथे कामी येते. दिवाळीआधीच्या झिरो पेमेंटला, म्हणजे सगळी उधारी मिटवण्याच्या रिवाजात, सगळ्यांच्या खतावण्या स्वच्छ होतात. त्या दिवशीची बाकी पाहून वर्षभराच्या उधारीचा अंदाज बांधणारा माणूस फसेल, हे तुम्हाला सांगायला नको. कंपन्यांचेही ३१ मार्चला असे होऊ शकते. मार्चअखेर वसुलीचा जोर लावायचा, देणी एप्रिलवर ढकलायची, कर्ज चार दिवसांसाठी कमी दाखवायचे. म्हणून सप्टेंबरअखेरचा ताळेबंदही काढा. बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सहामाही निकालांबरोबर तो द्यावाच लागतो. मग व्याजाचा खर्च पाहा. ३१ मार्चचे कर्ज २० कोटी आणि वर्षभराचे व्याज ५ कोटी असेल, तर व्याजदर २५ टक्के पडतो. चांगल्या कंपनीला या दराने कोणी कर्ज देत नाही. १० टक्के दर धरला तर वर्षभरात सरासरी कर्ज ५० कोटींच्या आसपास असले पाहिजे. हा हिशेब करायला पदवी लागत नाही.

आता घसरण्याची जागा. मालाची जाण आणि शेअरची जाण या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बेदाण्याचा दर चढणार हे तुम्हाला आधी कळले, तरी तो माल विकत घेऊन पक्का माल बनवणाऱ्या कंपनीचा नफा त्यामुळे घटेल. साखरेचे उदाहरण आणखी बोलके आहे. उसाचा एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा किमान दर) केंद्र सरकार ठरवते, इथेनॉलच्या दरातही सरकारचा शब्द चालतो. गावाशेजारचा कारखाना आतून-बाहेरून माहीत असणाऱ्यालाही साखर कंपनीच्या पुढच्या वर्षाच्या नफ्याचा अंदाज सांगता येत नाही. दुसरे म्हणजे नोकरी बेदाण्यावर, घरची शेती द्राक्षाची आणि शेअरही शेतीमालाचे, अशी रचना होऊ देऊ नका. एका अवकाळी पावसात तिन्ही ठिकाणची मिळकत एकदम आटते.

राहिला शिरकाव. सर्वांत खुला दरवाजा म्युच्युअल फंड वितरकाचा. एनआयएसएमची ५-ए ही परीक्षा असते : १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना उत्तीर्ण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. त्यानंतर ॲम्फीकडून एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक घ्यायचा आणि एकेका फंड कंपनीकडे नोंद करायची. दुसरा दरवाजा रिसर्च ॲनालिस्टचा, म्हणजे शेअरचा अभ्यास करून शिफारस देणाऱ्याचा. त्याची १५ क्रमांकाची परीक्षा अवघड आहे : उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला पाव भाग गुण कापले जातात. शिवाय सेबीकडे नोंदणी करावी लागते. २०२४ च्या अखेरीस अनुभवाची अट गेली आणि निव्वळ मालमत्तेच्या अटीऐवजी ठेव आली. १५० ग्राहकांपर्यंत ती एक लाख रुपये आहे. शैक्षणिक पात्रतेत कोणत्या पदव्या चालतात हे मात्र अर्जाच्या वेळी बारकाईने तपासा. तिसरा मार्ग म्हणजे एखाद्या संशोधन संस्थेत नोकरी. तिथे पदवीपेक्षा लिहिलेले काम दाखवता आले तर उपयोग होतो. म्हणून येत्या वर्षभरात चार कंपन्यांवर प्रत्येकी आठ-दहा पानांचे टिपण मराठीत लिहा. उधारी, रोकड, कर्ज, मालकांचे कंपनीशी होणारे व्यवहार आणि 'मी कुठे चुकू शकतो' हा एक भाग त्यात हवाच. चार टिपणे पूर्ण झाली नाहीत, तर या पेशाची ओढ खरी नाही असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : औषध कंपनीत अकरा वर्षे एमआर आहे. टार्गेटच्या मागे धावण्याचा कंटाळा आला. लोकांना योग्य गुंतवणूक सांगावी, प्रामाणिकपणे काम करावे अशी इच्छा आहे. म्युच्युअल फंड वितरक झालो तर नोकरी केव्हा सोडता येईल? — एक वाचक, कराड

आधी हिशेब. घरखर्च महिना ४०,००० आणि कामाचा खर्च (फिरणे, फोन, एखादा मदतनीस) ८,००० धरू. वर्षाला ५,७६,००० रुपये झाले. इक्विटी फंडांत वितरकाला साधारण अर्धा ते एक टक्का वार्षिक कमिशन मिळते. आपण ०.७ टक्के धरू. एवढी मिळकत होण्यासाठी तुमच्यामार्फत गुंतलेली रक्कम सव्वाआठ कोटींच्या घरात असावी लागेल.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. १०० कुटुंबांनी महिना ५,००० ची एसआयपी सुरू केली. शंभर कुटुंबे जोडायलाच दोन-तीन वर्षे लागतात, पण समजा पहिल्या दिवशी जोडली. वर्षाला ६० लाख जमा होतात. पहिल्या वर्षी सरासरी शिल्लक तीसेक लाखांची, म्हणून तुमचे उत्पन्न जेमतेम वीस-बावीस हजार होईल. हा आकडा अख्ख्या वर्षाचा आहे. पाच वर्षांनी जमा रक्कम तीन कोटी. बाजाराची वाढ धरली नाही तर त्यावर वर्षाला २,१०,००० मिळतील, म्हणजे महिना साडेसतरा हजार. सेबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आगाऊ कमिशनाची पद्धत मोडून काढली, त्यामुळे सुरुवातीलाच मोठी रक्कम हातात पडेल ही आशा ठेवू नका. ग्राहकाच्या दृष्टीने तो बदल अतिशय चांगला झाला.

बाजार पडला की हे उत्पन्नही पडते. जानेवारी २०२० मधल्या उंचीवरून २३ मार्च २०२० पर्यंत निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे ३८ टक्के कोसळला होता. वितरकाची मिळकत घटते आणि ग्राहकांचे फोन दसपट वाढतात, हे एकाच वेळी होते. म्हणून नोकरी सोडण्यासाठी आम्ही दोन अटी सुचवतो. दोन वर्षांचा घरखर्च मुदत ठेवीत बाजूला असावा, आणि सलग बारा महिने कमिशनातून निदान निम्मा घरखर्च भागलेला असावा. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याच्या हप्त्याची चिंता आहे, त्याचा सल्ला हळूहळू स्वतःच्या गरजेकडे झुकतो. माणूस वाईट नसतानाही असे होते. टार्गेटचा तगादा तुम्ही अकरा वर्षे सोसला आहे. नव्या कामात कोणी वरिष्ठ नसला, तरी रिकामा खिसा तोच तगादा लावतो.

नोकरी चालू असताना हे काम करायचे तर कंपनीची लेखी परवानगी घ्या, आणि ज्या डॉक्टरांकडे तुम्ही औषधांसाठी जाता त्यांना ग्राहक करू नका. 'नाही' म्हणणे त्यांनाही अवघड जाते, तुम्हालाही.

प्रामाणिकपणा ही वितरकाच्या कामात रोज करायची गोष्ट आहे. पहिल्याच भेटीत सांगा की हाच फंड डायरेक्ट पद्धतीने, वितरकाशिवाय, कमी खर्चात घेता येतो. १ जानेवारी २०१३ पासून ही सोय आहे. फरक आकड्यांत दाखवा. दहा लाख रुपये वीस वर्षे १२ टक्क्यांनी वाढले तर ९६.५ लाख होतात, ११ टक्क्यांनी वाढले तर ८०.६ लाख. हे परतावे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. एका टक्क्याची किंमत वीस वर्षांत सुमारे सोळा लाख होऊ शकते, एवढे त्यातून कळावे. हे ऐकूनही जो तुमच्याकडे येईल, त्याला तुमची खरी गरज आहे. अशा माणसासाठी तुम्ही कागदपत्रे कराल, पडत्या बाजारात त्याला धीर द्याल, वारसांना पैसे मिळवून द्याल. जो स्वतः हे करू शकतो त्याला डायरेक्टकडे पाठवा. दोन वर्षांनी तोच आपल्या सासऱ्यांना तुमच्याकडे घेऊन येतो.

मोहाच्या जागाही ठरलेल्या आहेत. नव्या फंडाचे युनिट दहा रुपयांना मिळते म्हणून ते स्वस्त आहे, असे ग्राहकाला वाटते. तो गैरसमज विक्रीसाठी वापरणे ही फसवणूकच आहे. जुन्या फंडातून काढून नव्यात टाकायला लावले, तर वर्षाच्या आत बहुतेक इक्विटी फंडांत एक टक्का निर्गमन शुल्क लागते आणि अल्प मुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर बसतो. विमा-अधिक-गुंतवणूक योजनांत पहिल्या वर्षाचे कमिशन घसघशीत असते, म्हणून त्या सुचवाव्याशा वाटतात. त्याऐवजी शुद्ध मुदत विमा वेगळा घ्यायला सांगा. प्रत्येक ग्राहकाच्या फाइलीत 'हेच का सुचवले' याच्या चार ओळी लिहून त्यावर त्याची सही घेत जा. लिहिताना ओशाळायला होत असेल, तर ती शिफारस करू नये. दुकानाच्या पाटीवर 'गुंतवणूक सल्लागार' लिहायचे नाही. ते नाव सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी झालेल्यांनाच लावता येते.

प्रश्न : सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, वय ४१. सेवेत असल्यापासून शेअर बाजाराचा अभ्यास करतो, स्वतःचे पैसे बरे वाढले. आता युनिटमधले आठ मित्र प्रत्येकी दोन लाख माझ्या खात्यावर पाठवतो म्हणतात. नफ्यातले २० टक्के मी घ्यावे, असे ठरते आहे. करावे का? — एक वाचक, सातारा तालुका

करू नये. मित्रांचा तुमच्यावर विश्वास आहे हे खरे, पण ही रचनाच अशी आहे की सचोटीचा माणूसही तिच्यात अडकतो.

सोळा लाख तुमच्या खात्यावर आले की कायद्याच्या दृष्टीने शेअर तुमचे. नफ्यावरचा कर तुमच्या पॅनवर लागणार. एका वर्षाच्या आत विकले तर २० टक्के. त्यानंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. तुमचे काही बरेवाईट झाले तर डिमॅट खात्यातले सारे तुमच्या नॉमिनीच्या ताब्यात जाते आणि आठ कुटुंबांकडे दाखवायला कागद नसतो. नफ्यातला हिस्सा घेऊन इतरांचा पैसा सांभाळायचा, तर पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून सेबीची नोंदणी लागते. तिथे व्यवस्थापकाची निव्वळ मालमत्ता पाच कोटी असावी लागते आणि ग्राहकाकडून किमान ५० लाख घ्यावे लागतात. त्यात तुम्ही 'एवढे तरी देईन' म्हणालात, तर प्रकरण अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या केंद्रीय कायद्याखाली जाऊ शकते. तशा ठेवी स्वीकारल्यास दोन ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा वेगळाच.

कायदा बाजूला ठेवला तरी एक अडचण उरते. नफ्यात तुमचा २० टक्के वाटा, तोट्यात शून्य. पहिल्या वर्षी ३० टक्के तोटा झाला तर सोळा लाखांचे ११.२ लाख होतील, आणि मूळ रकमेवर परत येण्यासाठी ४३ टक्के वाढ लागेल. तोवर तुम्हाला छदामही मिळणार नाही. अशा वेळी माणूस जास्त धोका पत्करतो, मग तोटा लपवतो, आणि एकाचे पैसे दुसऱ्याला देऊ लागतो. गावोगावच्या बुडालेल्या योजनांची सुरुवात पुष्कळदा इथून झालेली असते.

मित्रांना सरळ सांगा : 'पैसे तुझ्याच नावावर, तुझ्याच बँक खात्यातून जातील आणि तुझ्याच खात्यात परत येतील. मी मध्ये पैसे हाताळणार नाही.' एआरएन काढून वितरक झालात तर हे शब्दशः पाळता येते. ग्राहकाचा पैसा थेट फंडाच्या खात्यात जातो, दुसऱ्याच्या खात्यातून आलेली रक्कम फंड स्वीकारत नाहीत, आणि हिशेबाचे पत्रक ग्राहकालाच मिळते. शिस्त, नोंदी ठेवण्याची सवय आणि हुकूम आल्याशिवाय न हलण्याचे प्रशिक्षण तुमच्यापाशी आहे. या कामात त्याची किंमत मोठी आहे.

स्वतःच्या एकरकमी पैशाबद्दल दोन शब्द. पेन्शन चालू असल्याने रोजचा खर्च भागत असेल, तरी कम्युटेशन (पेन्शनच्या काही भागाऐवजी मिळणारी एकरकमी रक्कम), ग्रॅच्युइटी आणि एएफपीपी फंडाची (सैनिकांच्या भविष्य निर्वाह निधीची) रक्कम एकाच महिन्यात बाजारात घालू नका. घर, मुलांचे शिक्षण अशी पाच वर्षांच्या आत लागणारी रक्कम बाजारापासून पूर्ण लांब ठेवा. उरलेली अठरा ते चोवीस महिन्यांत समान हप्त्यांनी लावा. तज्ज्ञांत यावर मतभेद आहेत, पण आयुष्यात प्रथमच एवढी रक्कम हाताळणाऱ्याला हप्त्यांची पद्धत झेपते.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायात परराज्यात असतात. होस्टेलमधले मित्र ऑप्शन ट्रेडिंगमधून रोज कमावतात. नोकरी न करता हेच करिअर करावे असे वाटते. — एक विद्यार्थिनी, विटा

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेलेले आढळले. तोट्याची सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास होती. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा झालेले फक्त एक टक्का होते. मित्र खोटे बोलत असतील असे नाही. नफ्याच्या दिवसाचा फोटो पाठवला जातो, तोट्याच्या दिवसाचा पाठवला जात नाही. त्यांच्याकडे ब्रोकरचे पूर्ण वर्षाचे नफा-तोटा पत्रक मागा, शुल्क आणि करांसह.

तुमच्या घरातला धंदा पाहा. गलाईवाला सोने वितळवण्याआधी कस पाहतो, घट धरतो आणि मगच भाव बोलतो. ऑप्शन म्हणजे ठरावीक मुदतीत ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. तो विकत घेणाऱ्याच्या हातात मुदत संपेपर्यंत रोज थोडी घट ठरलेलीच असते, आणि तिचा हिशेब नवखा माणूस करत नाही. नोकरी घ्या. पगारातून निर्देशांक फंडाची (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडाची) एसआयपी करा आणि संध्याकाळी ताळेबंद वाचायला शिका. इंजिनिअरिंगची समज घेऊन पाच वर्षांनी कारखानदारी क्षेत्राच्या संशोधनात येणाऱ्याला या पेशात चांगली जागा आहे.

प्रश्न : वकिली करतो. चार्ली मंगर मूळचे वकील होते असे वाचले. अशी दुसऱ्या क्षेत्रातून आलेली आणखी माणसे कोण, आणि त्यांच्याकडून काय घ्यावे? — एक वाचक, सांगली

अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांचे भागीदार मंगर यांनी दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी हवामानशास्त्राचे शिक्षण घेतले, १९४८ मध्ये हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली आणि वकिली चालू असतानाच गुंतवणूक भागीदारी उभी केली. अमेरिकेतलेच नामवंत गुंतवणूकदार वॉल्टर श्लॉस महाविद्यालयात गेलेच नाहीत. १९३४ मध्ये वॉल स्ट्रीटवर कागदपत्रे पोचवणारा पोऱ्या म्हणून लागले, बफे यांचेही गुरू असलेले बेंजामिन ग्रॅहम यांच्या संध्याकाळच्या वर्गांत शिकले आणि १९५५ मध्ये स्वतंत्र झाले. पुढे फंड व्यवस्थापक म्हणून गाजलेले पीटर लिंच गोल्फच्या मैदानावर खेळाडूंचे साहित्य वाहत. पदवीला त्यांनी इतिहास, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान असे विषय घेतले होते.

मात्र त्यांच्या यशापेक्षा मंगर यांची दोन वर्षे पाहा. त्यांची भागीदारी १९७३ मध्ये ३१.९ टक्के आणि १९७४ मध्ये ३१.५ टक्के घसरली. १०० रुपयांचे ४६.६ झाले. १९७५ मध्ये ७३.२ टक्के वाढ होऊनही ते ८०.८ वरच आले. १९६२ ते १९७५ या साऱ्या काळाची सरासरी वार्षिक वाढ १९.८ टक्के होती, डाऊ जोन्स या अमेरिकी निर्देशांकाची लाभांशासह पाच. चांगला गुंतवणूकदारही मधली वर्षे अशी काढतो. हाताशी वकिली असेल आणि पोट बाजारावर नसेल, तर ती काढणे सोपे जाते. पक्षकार आणि कोर्ट सांभाळून रोज दीड तास वाचन, एवढ्यावर तुम्हाला दहा वर्षे चालता येईल. वकिलाला एक सवय आधीच असते : विरुद्ध बाजूचा युक्तिवाद स्वतः मांडून पाहण्याची. शेअर घेण्यापूर्वी तो घेऊ नये यासाठीचा पूर्ण युक्तिवाद लिहून काढा.

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका आहे, वय ४७. नऊ वर्षांपासून फंड आणि शेअरमध्ये गुंतवते. मला खरेच जमते आहे का, हे कसे ओळखावे? निवृत्तीनंतर यात काम करायची इच्छा आहे. — एक वाचक, फलटण

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. उत्तर एका तक्त्यात मिळेल.

संगणकावरच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा लिहा. खिशातून गेलेली प्रत्येक रक्कम उणे चिन्हाने, विक्रीचे आणि लाभांशाचे आलेले पैसे अधिक चिन्हाने. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचे एकूण मूल्य, अधिक चिन्हाने. त्यावर एक्सआयआरआर हे सूत्र लावले की वार्षिक परतावा निघतो. चुका बहुधा तीन ठिकाणी होतात : तारीख अक्षरांच्या रूपात टाइप होते आणि सूत्र चालत नाही, लाभांश बचत खात्यात जमा झाल्याने विसरला जातो, तोट्यात विकून टाकलेले शेअर नोंदवायचे राहतात. तिसरी चूक सर्वांत घातक, कारण तिच्यामुळे आपण आहोत त्याहून हुशार दिसतो.

मग त्याच तारखांना त्याच रकमा निफ्टी ५० च्या निर्देशांक फंडात गेल्या असत्या तर काय झाले असते, हे शेजारच्या रकान्यात काढा. तुलना लाभांश धरणाऱ्या टीआरआय निर्देशांकाशीच हवी. फंडांनाही १ फेब्रुवारी २०१८ पासून तीच सक्ती आहे. नऊ वर्षांत तुम्ही निर्देशांकाच्या मागे असाल, तर शेअर निवडणे थांबवून निर्देशांक फंड घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि लोकांना बचतीची सवय लावण्याचे काम तरीही उत्तम करता येते. दोन टक्क्यांनी पुढे असाल तर पुढे कशामुळे, ते पाहा. सर्व नफा एकाच शेअरमधून आला असेल तर तो काढून पुन्हा हिशेब करा.

यापुढे प्रत्येक खरेदीआधी वहीत लिहा : तारीख, भाव, एकूण पुंजीच्या किती टक्के, घेण्याचे कारण तीन वाक्यांत, आणि काय घडले तर विकणार. 'भाव २० टक्के पडला तर' हे पुरेसे कारण नव्हे. 'उधारीचे दिवस दोन वर्षे सलग वाढले तर' हे चालेल. पेनने लिहा आणि खाडाखोड करू नका. भाव बदलल्यावर आपण आधी काय मानत होतो हे मन सोयीने बदलते, शाईने लिहिलेले बदलत नाही. वर्षातून दोनदा वही उघडली तरी पुरे.

एक सावधगिरी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला शेअरमध्ये सट्टा करता येत नाही आणि वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच धरला जातो. खासगी धंद्यालाही परवानगी लागते. तुमच्या संस्थेला कोणते सेवानियम लागू आहेत ते कार्यालयात पाहून घ्या. पतीच्या नावाने एआरएन काढून काम स्वतः करण्याची पळवाट धरू नका. परीक्षेची तयारी मात्र आजपासून करता येते. प्रमाणपत्र तीन वर्षांचेच असते, म्हणून परीक्षा निवृत्तीच्या वर्षात द्या.

प्रश्न : पतसंस्थेत वसुली विभागात आहे. लोक विचारतात म्हणून व्हॉट्सॲप गटावर शेअरची नावे फुकट सांगतो. चालेल ना? — एक वाचक, मिरज

थांबवा. आज फुकट असले तरी उद्या कोणी ब्रोकरचे खाते उघडण्याचे कमिशन देतो, कोणी गटाचे वर्गणीदार करा म्हणतो, आणि तुम्ही नोंदणीशिवाय सल्ला विकू लागता. वसुलीला ज्यांच्या दारात जाता तेच लोक गटात असतील, तर त्यांना तुमचा शब्द टाळता येत नाही. कोणी नाव विचारले तर ते सांगणाऱ्याची नोंदणी कशी तपासावी ते शिकवा : रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी, आणि दोन्ही सेबीच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते. तुमच्याच संस्थेच्या ठेवींबद्दल कोणी विचारले तर हेही सांगा की बँकेतल्या ठेवींना असलेले पाच लाखांचे ठेव विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवींना मिळत नाही.